वादळाचा दिवस हिशोबाबाहेर का?

वळिवाचा पहिला तडाखा बसला की या मासिकाकडे एकाच आशयाची पत्रे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांत कोकणातले ठेकेदार आणि उपविभागांतले अभियंते जास्त आहेत आणि त्यांची तक्रार नेमकी आहे. वादळात पडलेल्या वाहिनीचे अंदाजपत्रक ‘होते तसे’ यापलीकडे गेले की परत येते. आठ मीटरचा १४० किलोचा पोल पडला, तर त्या जागी आठ मीटरचा १४० किलोचाच पोल उभा करायचा. स्पॅन कमी करण्यासाठी मध्ये एक जादा पोल घ्यायचा म्हटले, पोफळीच्या बागेतून गेलेली वाहिनी रस्त्याच्या कडेला आणायची म्हटले किंवा उघड्या तारेऐवजी एबी केबल टाकायची म्हटले, की ते ‘सुधारणेचे काम’ ठरते. सुधारणेचे लेखाशीर्ष वेगळे, मंजुरी वेगळी, निविदा वेगळी. गाव अंधारात असताना त्यासाठी थांबणे शक्य नसते. त्यामुळे वाहिनी जुन्याच जागी, जुन्याच मापाने उभी राहते, पुरवठा सुरू होतो आणि एकदा पुरवठा सुरू झाला की सुधारणेच्या फायलीकडे कोणी पाहत नाही. पुढच्या वादळात तोच पोल पुन्हा पडतो, आणि तेच अंदाजपत्रक पुन्हा तयार होते.

या अडवणुकीचे खापर एखाद्या लेखाधिकाऱ्यावर फोडून उपयोग नाही. तो नियमाप्रमाणेच वागतो आहे, दोष नियमाच्या रचनेत आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०१५ ते २०२० या काळातले निकष पाहा. अकरा केव्हीपर्यंतच्या जाळ्यासाठी दर पोलमागे ४,००० रुपये, कंडक्टरच्या दर किलोमीटरला ५० हजारांपर्यंत आणि वितरण रोहित्रामागे एक लाख. तेही ‘तातडीच्या स्वरूपाच्या’ दुरुस्तीसाठी. चार हजारांत पोल, वाहतूक, खड्डा, मफिंग आणि उभारणी कशी बसवायची, हे या व्यवसायातल्या कोणालाही विचारावे. मदत ‘पूर्ववत’ करण्यापुरतीच मिळणार असे ठरले, की कमकुवत जाळे पुन्हा तितकेच कमकुवत उभे राहणार हेही त्यातच ठरून जाते.

पण पैशापेक्षाही मोठी अडचण मोजमापाची आहे, आणि तिच्याबद्दल आपल्या क्षेत्रात फारच कमी बोलले जाते. सैफी आणि सैदी काढताना नैसर्गिक आपत्तीतले खंड वगळले जातात. ग्राहकाला द्यायच्या भरपाईतूनही चक्रीवादळ, पूर, वादळ या सबबीखाली सूट मिळते. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४४ मध्ये पुरवठा देण्याच्या बंधनाला हाच अपवाद आहे: चक्रीवादळ, पूर, वादळ किंवा नियंत्रणाबाहेरच्या अन्य घटना. परिणाम असा, की वाहिनीची खरी कसोटी ज्या दिवशी लागते नेमका तोच दिवस हिशोबातून जातो. तालुक्यातली गावे पंधरा-पंधरा दिवस अंधारात राहिली तरी वर्षअखेरीस त्या मंडळाचा निर्देशांक समाधानकारक दिसू शकतो, आणि त्याच निर्देशांकावरून पुढच्या भांडवली कामांचा अग्रक्रम लागतो. ज्या वाहिन्यांना पैशाची सर्वाधिक गरज आहे, त्या कागदावर ठणठणीत ठरून रांगेत मागे राहतात.

असे वगळणे ही जगाची रीतच आहे, असे यावर सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. आयईईई १३६६ या मानकात पाच वर्षांच्या दैनिक सैदीवरून अडीच बीटाची मर्यादा काढतात आणि ती ओलांडणारा दिवस ‘मोठ्या घटनेचा दिवस’ म्हणून बाजूला ठेवतात. असामान्य दिवसांमुळे रोजच्या कारभाराचे चित्र बिघडू नये, हा हेतू रास्तच आहे. पण तेच मानक त्या दिवसांचे वेगळे विश्लेषण करून ते वेगळे नोंदवायलाही सांगते. आपण सोयीचा अर्धा भाग घेतला आणि कष्टाचा अर्धा सोडून दिला.

‘नियंत्रणाबाहेर’ हा शब्दप्रयोग घटनेला लागू आहे, तिच्या परिणामांना सरसकट नाही. वारा कोणाच्या हाती नसतो, हे मान्य. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा हवामान खात्याच्या नोंदीनुसार झोतांचा वेग ताशी १२० ते १३० किलोमीटरच्या घरात होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात पोल अक्षरशः रांगेने आडवे झाले आणि काही गावांना वीज परत यायला कित्येक आठवडे लागले. आता आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागातला वाऱ्याचा नकाशा उघडा. मुंबईसाठी मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. किनाऱ्यापासून आत, घाटावर असलेल्या पुण्यासाठीसुद्धा तो ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० आहे. वाहिन्यांची आखणी इमारतींच्या मानकाने होत नाही, हे खरे. तरीही या प्रदेशात असे वारे येणार, हे आपल्याच मानक संस्थेने छापून ठेवलेले होते. वर्ष उलटायच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते याच किनाऱ्याला घासून गेले. याला अकल्पित म्हणता येत नाही.

यावर क्षेत्रातले अधिकारी एक योग्य मुद्दा मांडतात. कोकणात पोल वाऱ्याने कमी आणि झाडांमुळे जास्त पडतात. आंबा, साग, नारळ तारेवर कोसळतो, तारेच्या ओढीने पोल मोडतो आणि ताण नसलेल्या सरळ वाहिनीत एकामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा असे पोल जातात. हे बरोबर आहे, पण यातून सुटका होत नाही, उलट कामाची यादीच हाती येते: पावसाळ्यापूर्वीची फांदीछाटणी, बागांतून आच्छादित तार किंवा एबी केबल, ठराविक अंतरावर कट पॉइंट आणि दोन्ही बाजूंनी ताण. मात्र कुठे वारा, कुठे झाड आणि कुठे पाया कारणीभूत होता, याची नोंदच नसेल तर कोणत्या फीडरवर काय करायचे हे कसे ठरवणार?

पडलेला पोल स्वतःच बरेच सांगतो. जमिनीलगत मोडला असेल, तर त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त वाकवणारा भार आला. अर्ध्या उंचीवर मोडला असेल, तर बहुधा झाडाचा थेट मार बसला. न मोडता मातीसकट उपटून आडवा झाला असेल, तर दोष पायाचा. नऊ मीटरच्या पोलाला सहाव्या हिश्श्याने दीड मीटर खोली हवी. जांभ्यात दीड मीटर खणायला दमछाक होते म्हणून खड्डा मीटरभरावर थांबतो, आणि किनाऱ्याच्या वाळूत खड्डा पटकन होतो पण मफिंग नावापुरते राहते. उपटलेल्या पोलाच्या बुडाला चिकटलेल्या मातीची रेघ टेपने मोजली, की खोली किती होती ते मिनिटभरात कळते. हा पुरावा दोन दिवसच टिकतो. क्रेन आली, पोल ओढून बाजूला टाकला, खड्डा बुजला, की मोजमाप पुस्तिकेत ‘वादळाने पडलेले पोल’ एवढा आकडा उरतो आणि सगळी कारणे त्यात विरघळून जातात.

दोन आक्षेपांना थोडक्यात उत्तर देतो. सगळे जाळे भूमिगत करा, असे प्रत्येक वादळानंतर म्हटले जाते. अलिबागसारख्या किनारी शहरात चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पातून ते काम झाले आणि ते योग्यच होते. पण विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांना तो खर्च परवडणारा नाही, आणि पुराच्या पाण्यात केबलचा जॉइंट गेला तर दोष शोधण्यातच दिवस जातो. रुग्णालय, पाणीपुरवठा आणि दूरसंचार यांचे फीडर आधी घ्यावेत, बाकीच्या ठिकाणी उपरी वाहिनीच मजबूत करावी. दुसरा आक्षेप असा, की वादळातले खंड मोजले तर कंपन्यांवर भरपाईचा बोजा पडेल आणि तो शेवटी वीजदरातच येईल. आमची मागणी दंडाची नाही. सवलत हवी तर राहू द्या, पण तो दिवस वेगळ्या तक्त्यात फीडरनिहाय जाहीर करा: किती पोल, कोणत्या प्रकारे मोडले, किती तासांत पुरवठा परत आला आणि तीच वाहिनी पूर्वी कधी पडली होती. ज्या फीडरचे नाव त्या तक्त्यात दुसऱ्यांदा येईल, त्याच्या दुरुस्तीला ‘होते तसे’ची अट लागू नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या कृतिदलाने किनारपट्टीतल्या वादळरोधक जाळ्यावर २०२१ मध्येच अहवाल दिला आहे. इतका वेळ गेल्यावरही उपविभागाच्या अंदाजपत्रकात त्याचा मागमूस दिसत नसेल, तर परिमंडल कार्यालयांनी त्याचा जाब दिला पाहिजे.

जाब आपल्यालाही द्यायचा आहे. मीटरभर खणून दीड मीटरचे देयक लावणारे ठेकेदार आपल्याच संघटनांत आहेत आणि त्यावर डोळे मिटून सही करणारे अभियंते आपलेच वाचक आहेत. त्यांच्यामुळे प्रामाणिक काम करणाऱ्याचा दर पडतो, आणि वादळाच्या रात्री पावसात खांबावर चढणाऱ्या लाइनमनचा जीव धोक्यात येतो. अशांना संघटनेत पाठीशी घालणे आता तरी थांबवा.

आणि या पावसाळ्यात एक काम कराच. पडलेला पोल उचलण्याआधी त्याचा फोटो घ्या. कुठे मोडला, बुडाची खोली किती भरली, मफिंग होते का, ताण होता का, जवळचे झाड किती अंतरावर होते, एवढे लिहून ठेवा. कंपनीने विचारले नाही तरी लिहा. तक्त्याचा नमुना याच अंकाच्या शेवटच्या पानावर छापला आहे. भरलेले तक्ते दिवाळीपर्यंत मंडळाच्या नावासह आमच्याकडे पाठवा. नोंद देणाऱ्याचे नाव कुठेही उघड केले जाणार नाही. सगळ्या नोंदी फीडरनिहाय लावून आम्ही त्या राज्य विद्युत नियामक आयोगाकडे निवेदनासह सादर करणार आहोत, आणि त्याची एक प्रत प्रत्येक किनारी परिमंडलाच्या मुख्य अभियंत्यांना देणार आहोत.