लिंक पाठवली आहे, बघून घ्या

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटाला सुट्टी नसते. सकाळचा परिपाठ व्हायच्या आत चार-पाच लिंका येऊन पडलेल्या असतात. एक माहिती भरायची, एक प्रशिक्षणाची, एक कुणाच्या तरी यूट्यूब चॅनेलची (‘सबस्क्राइब करून स्क्रीनशॉट टाकावा’ ही विनंती नसते, हे नव्या शिक्षकांनाही लवकरच कळते) आणि उरलेल्या ‘अत्यंत उपयुक्त, सर्व विषय, सर्व इयत्ता, एका क्लिकवर’. या शेवटच्या जातीबद्दल मला सर्वांत जास्त संशय आहे. सर्व इयत्तांना आणि सर्व विषयांना सारखेच उपयोगी पडेल असे शाळेत घंटेखेरीज काही नसते.

तरीही दर जूनमध्ये कुणीतरी नवे सर किंवा नव्या बाई स्टाफरूममध्ये विचारतातच, “मॅडम, ऑनलाइन खरंच चांगलं काय आहे?” प्रश्न रास्त आहे, कारण डेटा पॅक आपल्याच पैशांचा, मोबाइल आपलाच, आणि वर्गात रेंज असेल तर नशीब. माझी कसोटी अशी: जे पाहून झाल्यावर मोबाइल बाजूला ठेवून मुलांबरोबर काहीतरी करावेसे वाटते, ते चांगले. जे चालू केल्यावर शिक्षक भिंतीला टेकून उभा राहतो आणि सगळा वर्ग एका पडद्याकडे तोंड करून गप्प बसतो, ते बदली तासाला ठीक.

या कसोटीवर माझ्याकडे पहिला नंबर लागतो तो शिक्षकांसाठी केलेल्याच नसलेल्या एका संकेतस्थळाचा. राज्याच्या कृषी विभागाचे ‘महारेन’. त्यावर तालुक्याचा आणि महसूल मंडळाचा रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये मिळतो. दिसायला अगदीच रुक्ष, नुसते तक्ते. पण सातवीच्या वर्गात सरासरी आणि स्तंभालेख शिकवताना पुस्तकातल्या कुण्या मुलाच्या पाच विषयांच्या गुणांऐवजी आपल्या मंडळाचा गेल्या आठवड्याचा पाऊस फळ्यावर लिहून बघा. आमच्याकडे आकडे लिहून व्हायच्या आतच मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, हे खोटं आहे. आमच्या मळ्यात एवढा पडलाच नाही.”

सरासरी तिथेच राहिली. पाऊस मोजतात कुठे, हे वर्गात कुणालाच माहीत नव्हते. मोजणी मंडळाच्या गावी होते, या मुलाची वस्ती तिथून टेकडीपलीकडे. म्हणजे आकडाही खरा आणि पोरगाही खरा. मग एक मुलगी म्हणाली, “पासष्टच्या वर गेला की अतिवृष्टी.” पंचनाम्याच्या वेळी घरात झालेली चर्चा तिने ऐकलेली होती. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा निकष तिला माझ्याआधी पाठ होता, आणि मंडळाच्या गावी ६२ भरले आणि आपल्या शिवारात ८० कोसळला तर काय, हा प्रश्नही तिचाच. एका जागेचा आकडा सगळ्या मंडळाला लावणे किती निर्दयी असू शकते, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकाने यापेक्षा चांगले शिकवले नसते.

दुसऱ्या दिवशी पोरांनी बाटल्या आणल्या. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळे तयार. बाटलीचा तळ वेडावाकडा असतो, म्हणून आधी थोडे खडे आणि पाणी घालून सरळ भागावर शून्याची खूण करायची आणि तिथून पट्टी चिकटवायची. एवढे झाल्यावर खरे भांडण पेटले. रुंद डब्यात जास्त पाऊस मोजला जाईल की नाही? अर्धा वर्ग म्हणे जाईल, कारण पाणी जास्त साठते. पाणी जास्त साठते हे खरेच, पण सरळ उभ्या भिंतींच्या कुठल्याही भांड्यात त्याची उंची सारखीच राहते. हे मी सांगितले नाही. मैदानात एक अरुंद आणि एक रुंद डबा ठेवला आणि पावसावर सोपवले. ज्यांना पटले त्यांनी मग एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, हा हिशेब मांडला, आणि तिथून गाडी शाळेच्या छपरावर गेली. छप्पर २०० चौरस मीटर धरले, तर १० मिलिमीटरच्या सरीत त्यावरून २,००० लिटर पाणी वाहून जाते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शाळेत हा आकडा फळ्यावरून पुसावासा वाटत नाही. या सगळ्यात मोबाइल किती लागला? तक्ता उतरवून घेण्यापुरता.

कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचे रोजचे बाजारभाव याच जातीचे. कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर, बाजार समितीवार. लासलगावचा कांदा पोरांना शेकडेवारी शिकवतो, आणि ‘सर्वसाधारण’ दर मधल्या आकड्यावर का नसतो, यावर आठवीची मुले बापाच्या वतीने भांडतात.

शिक्षकांसाठी मुद्दाम केलेल्या साधनांत मात्र अरविंद गुप्तांच्या खजिन्याला तोड नाही. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर पुण्यात टेल्कोत ट्रक बनवण्याच्या कामावर होता. १९७८ मध्ये रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेला आणि खेड्यातल्या मुलांना विज्ञान शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही, हे तिथे त्याला कळले. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षे काम केले. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर कचऱ्यातून खेळणी करण्याच्या कृती, छोट्या फिती आणि हजारो पुस्तके फुकट आहेत, मराठीतही भरपूर. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि काडीपेटीच्या काड्या घ्या. तीन काड्यांचा त्रिकोण जोडला की तो कसाही दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच लोळण घेतो. पुलाला, मांडवाला, मोबाइलच्या टॉवरला त्रिकोण का असतात, हे त्यानंतर कुणाला सांगावे लागत नाही. किंवा शीतपेयाची नळी घ्या, टोक चपटे करून दोन्ही कोपरे तिरके कापा, फुंका, पिपाणी वाजते. वाजत असतानाच कात्रीने नळी कापत जा. आवाज चढत जातो. ध्वनीचा धडा संपतो आणि शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन उभे राहतात. त्याची तयारी ठेवावी.

कसोटीला एक अपवाद करते. ‘फेट’ नावाची आभासी प्रयोगांची मालिका आहे. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात ती सुरू केली. त्यातले कितीतरी प्रयोग मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. त्यात तारा, दिवे, बॅटऱ्या हव्या तशा जोडता येतात, आणि तारेने बॅटरीची दोन टोके सरळ जोडली की पडद्यावर चक्क आग लागते. ती लागू द्यावी. मात्र शाळेत खरी तार, खरा सेल आणि टॉर्चचा दिवा असेल, तर आधी तो. अणू, रेणू, ग्रहांच्या कक्षा असल्या हाताला न लागणाऱ्या गोष्टींना फेट उत्तम. झोक्याचा काल मोजायला मैदानातले वडाचे झाड चांगले.

भाषेच्या शिक्षकांना लोक उगाच गरीब समजतात. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने फुकट खुले करून ठेवले आहेत, १९७१च्या नोव्हेंबरपासूनचे. नामवंत लेखक आणि चित्रकार मुलांसाठी मन लावून काम करत, तो काळ त्यांत जसाच्या तसा आहे. परीक्षेसाठी उतारे शोधताना दरवर्षी त्याच त्या उताऱ्यांचे दळण दळणाऱ्यांनी तिथे तासभर फिरून यावे. लहान मुलांसाठी प्रथम बुक्सचे ‘स्टोरीविव्हर’ आहे. २०१५ मध्ये सुरू झालेले हे चित्रकथांचे भांडार वाचनाच्या पातळीनुसार लावलेले आहे, आणि परवाना खुला असल्याने गोष्ट छापा, बदला, भाषांतर करा, कुणी विचारत नाही. मेळघाटातल्या कोरकूतल्या गोष्टीही तिथे आहेत. पहिलीच्या ज्या मुलाला वर्गातली मराठी परकी वाटते, त्याच्या हातात घरच्या भाषेतली गोष्ट पडली की काय होते, हे आदिवासी भागात काम केलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.

वाईच्या मराठी विश्वकोशाचे नाव घेताच जुनी माणसे लगेच हात जोडतात. तर्कतीर्थांचा आदर मलाही आहे, आणि विश्वकोश ऑनलाइन आल्यापासून माझे टाचण सुधारले आहे. पण पहिला खंड १९७६चा आहे, हे विसरू नये. भरती-ओहोटीची कारणे तिथून खुशाल घ्यावीत, लोकसंख्या आणि उत्पादनाचे आकडे परिपाठात वाचू नयेत. शब्दांसाठी मोल्सवर्थ, दाते-कर्वे हे जाडजूड कोश आता शोध घेता येतील अशा रूपात मिळतात. आमच्या मराठीच्या सरांनी पोरांना घरून आजीचे शब्द आणायला लावले आणि ते कोशात धुंडाळायला सांगितले. जे सापडले नाहीत त्यांची वही वर्गाने स्वतःच घातली आहे.

इतिहास-भूगोलवाल्यांना मी गॅझेटियर सुचवते आणि ते तोंड वाकडे करतात, कारण जुने खंड इंग्रजीत आहेत. पण कॅम्पबेल यांच्या संपादनाखालच्या मालिकेत नाशिक १८८३, सोलापूर १८८४, पुणे आणि सातारा १८८५ असे खंड आहेत, आणि त्यांत आपल्या गावचा आठवडे बाजार कोणत्या वारी भरे, कोणती पिके होती, घाट कुठून चढत होता, असे तपशील सापडतात. मराठवाडा तेव्हा निजामाकडे, त्यामुळे तिथल्या शिक्षकांनी राज्य स्थापनेनंतरच्या जिल्हा गॅझेटियरकडे वळावे. जातीजमातींच्या स्वभावाबद्दल त्या साहेबांनी जे शेरे मारून ठेवले आहेत, ते शिक्षकाने वाचावेत आणि लहान वर्गात तरी स्वतःपाशी ठेवावेत.

आता पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडांविषयी. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी या प्रयोगासाठी ओळखले जातात. २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरमधला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकला. त्या बातम्यांत एक गोष्ट मागे पडली. त्यांनी साहित्य केले ते आपल्या वर्गातल्या मुलांसाठी, त्यांच्या घरच्या भाषेत. करणाऱ्याला ती मुले नावानिशी ठाऊक होती. कोड चिकटवणे सोपे. त्याच्या पलीकडे काय आहे, यावर सगळे अवलंबून. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? गटावर फिरणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत पार्श्वसंगीतावर कुणीतरी धडा वाचून दाखवत असते. धडा मुलांनाही वाचता येतो.

हल्ली टाचणसुद्धा यंत्राकडून लिहून घेता येते. लिहून घ्यावे, वेळ वाचतो. फक्त त्यातली मराठी मोठ्याने वाचून बघावी आणि तपशील पाठ्यपुस्तकाशी ताडावेत. ते यंत्र चूकही मोठ्या आत्मविश्वासाने करते. तपासणीला आलेल्या साहेबांनी तेच टाचण लागोपाठच्या तीन शाळांत पाहिले, तर पुढचे ज्याचे त्याने निस्तरावे.

आणि थोडे स्वतःसाठीही वाचावे. पुण्याच्या ‘पालकनीती’चे आणि ‘शैक्षणिक संदर्भ’चे जुने अंक ऑनलाइन आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे साहित्य आहे. त्यातली जयश्री रामदास यांची ‘स्मॉल सायन्स’ ही प्राथमिकची मालिका मराठीतही मिळते. आणि अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर गिजुभाई बधेकांचे ‘दिवास्वप्न’ आहे. त्यातले मास्तर मोठ्या उत्साहाने चौथीच्या वर्गावर जातात, पहिल्याच दिवशी त्यांचा शांततेचा खेळ साफ फसतो, पोरे धिंगाणा घालतात, आणि मास्तर त्यांना सुट्टी देऊन मोकळे होतात. मुख्याध्यापक अर्थातच भडकतात. पुस्तक छोटे आहे. प्रशिक्षणाच्या दुपारच्या सत्रात, जेवणानंतर, मागच्या रांगेत बसून आरामात वाचून होते.