पागोळ्यांचे पाणी राखा: पनवेलकरांना जाहीर आवाहन



आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात देहरंग धरण तळ गाठते आणि माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याच्या वाड्यांत बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात. मग माणसांच्याच पाण्यातून गुरांना पाजावे लागते, आणि जुलैत हौसेने लावलेली कलमे मेमध्ये जळतात. पाऊस भरपूर आहे, पण तो पाहता पाहता गाढी नदीतून खाडीला मिळतो.

कर्नाळ्याच्या सुळक्याखाली कातळात खोदलेली टाकी अनेकांनी पाहिली असतील. गडावर ना नदी, ना ओढा. तिथे पाणी साठवूनच राहावे लागे.

आपणही छपरावरचे पाणी असेच साठवू शकतो. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. २० चौरस मीटरच्या गोठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर सांडलवंड धरूनही दीड हजार लिटर हाती लागते. उन्हाळ्यात शेळीला दिवसाला पाच-सहा लिटर लागतात. म्हणजे ५,००० लिटरची टाकी दहा शेळ्यांना जवळपास तीन महिने पुरेल. दोन दुभत्या गाईंना मात्र ती महिनाभरच पुरेल, म्हणून गुरे जास्त असतील तिथे चार घरांनी मिळून मोठी टाकी बांधावी. एकट्याला अशा टाकीचा खर्च झेपणार नाही, हे आम्ही जाणतो.

खाडीकाठच्या गावांत तर हे पाणी झाडांसाठी फार मोलाचे. मचूळ पाण्याने मुळांशी क्षार साचतात; पावसाच्या पाण्यात ते जवळजवळ नसतातच. कलमाच्या बुंध्याशी पालापाचोळा पसरून हे पाणी बेताने द्या, थोडक्यात भागते.

मृगाआधी पत्रे, कौले झाडून घ्या आणि पन्हळी लावा. पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊ द्या, कारण त्यांत धूळ आणि पाखरांची विष्ठा असते. टाकीच्या तोंडाला जाळी आणि वर घट्ट झाकण हवेच. उघड्या पाण्यात डास होतात.

शहरातल्या सोसायट्यांनाही विनंती आहे. ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. आपल्या इमारतीतली यंत्रणा चालते का, हे येत्या सभेत विचारा, आणि बागेला टँकरऐवजी गच्चीवरचे पाणी द्या.

पावसाळाभर टाकीतले पाणी वापरत राहा. सप्टेंबरच्या अखेरच्या पावसात ती काठोकाठ भरून घ्या आणि विहिरी आटेपर्यंत उघडू नका.