चालतंय म्हणजे सुरक्षित आहे, असं नव्हे

संगमनेर, अकोले, राहात्याकडच्या दूध संकलन केंद्रावर पहाटेच संगणक सुरू होतो. नमुना मशीनला लागतो, फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून उरणाऱ्या घनपदार्थांचे) आकडे वायरीतून आत येतात, काट्यावरचं वजन त्यांना जोडलं जातं आणि पावती निघते. शेतकऱ्याचा दहा दिवसांचा पगार या नोंदींवरच ठरतो. अशा संगणकावर आजही विंडोज 10, क्वचित 7 आढळतं. 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला, 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. तरीही अपग्रेडचा विषय काढला की उत्तर येतं, ‘चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?’

या म्हणण्यामागे अनुभव आहे, हे मान्य. अपग्रेडनंतर प्रिंटर रुसतो, मशीनच्या वायरीचा ड्रायव्हर सापडत नाही, दारात कॅन घेऊन माणसं ताटकळतात. पण यातून निघतो तो तयारीचा धडा. अपग्रेड टाळावं, असं त्यातून सिद्ध होत नाही. सपोर्ट संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. सुरक्षेतली नव्याने सापडणारी भोकं बुजवणारे अपडेट तेवढे थांबतात. बाहेरून काहीच बिघडलेलं दिसत नाही, धोका आहे तो इथेच.

दुसरा आक्षेप असा : ‘आमच्या केंद्रावर कोण कशाला हल्ला करील?’ 12 मे 2017 रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने कुणाची निवड केली नव्हती. भोक दिसेल त्या संगणकात तो आपोआप शिरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांची कामं ठप्प झाली. त्या भोकावरचा अपडेट मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता ते सापडले. जूनमध्ये त्याच भोकाचा वापर करणारा नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमध्ये सोडला गेला आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने थांबवलं. युक्रेनवरच्या हल्ल्याशी न्हावा शेव्याचा काय संबंध होता? आपण लहान आहोत, ही ढाल होऊ शकत नाही.

‘अँटिव्हायरस आहे की!’ असावाच. पण ऑपरेटिंग सिस्टिममधलं भोक तो बुजवत नाही.

चौथा आक्षेप मात्र वजनदार आहे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच चालतात. म्हणजे 2017 च्या आधीची बहुतेक यंत्रं बाद. छोट्या केंद्राने, पतसंस्थेने, छापखान्याने पैसा आणायचा कुठून? धडधाकट यंत्रं भंगारात लोटणारी ही अट मला अन्यायकारक वाटते. पण अट अन्यायकारक आहे म्हणून भोक बुजत नाही. अट चुकवून 11 बसवून देणारे भेटतात. अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

मग करायचं काय? ज्या यंत्रावर फक्त टायपिंग, मेल आणि इंटरनेट चालतं, तिथे उबुंटू किंवा मिंटसारखं लिनक्स बसवा. त्याला परवान्याचा खर्च नाही आणि केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकवत आहेत. संकलनाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल, तर नव्या पिढीचं वापरलेलं यंत्र घ्या. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेटची सोय दिली. ती तयारीसाठीची सवड आहे, त्यावर विसंबून राहू नका. छापखान्यातल्या जुन्या फॉन्टच्या फायली उघडण्यासाठी एक जुनं यंत्र ठेवा, पण त्याचं इंटरनेट काढून टाका आणि नवीन मजकूर युनिकोडमध्येच करा.

आणि मुहूर्त नीट निवडा. दूध केंद्राने पगारवाटप उरकल्यावर, पतसंस्थेने मार्चअखेर पार पडल्यावर हे काम काढावं. आधी नोंदींचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, त्यातली एक जुनी पावती उघडून पाहा, मग ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवा. मशीन आणि प्रिंटरचे ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालतात का, हे पुरवठादाराला आधीच विचारा. नवं यंत्र सुरळीत चालेपर्यंत पावत्या हाताने लिहिण्याची तयारी ठेवा.

केंद्रचालकाच्या संगणकात सभासदांच्या कष्टाचा हिशेब असतो. तो जपणं हे त्याचं कर्तव्य आहे. संस्थेच्या पुढच्याच मासिक सभेत हा विषय घ्या आणि अपग्रेडची तारीख ठरवूनच उठा.