हळद उन्हात, माणसं सावलीत
सांगलीत हळद उन्हात वाळते आणि माणसं तोंडाला ओढणी गुंडाळून सावली शोधतात. मग ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडलं की औषधाच्या दुकानात गर्दी. हल्ली तर साध्या सर्दीवरही ६०,००० युनिटची गोळी मागतात! २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २५ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा रोज किंवा दर आठवड्याला डोस घेणाऱ्यांचे श्वसनसंसर्ग थोडे घटलेले दिसले, तेही मुख्यतः ज्यांच्यात ‘ड’चा खडखडाट होता त्यांचे. २०२५ मध्ये चाचण्या ४६ झाल्या आणि तो फायदाही जवळपास विरला. हाडांसाठी डॉक्टरांनी दिली तर जरूर घ्या. सर्दीसाठी घेणं म्हणजे पैशांचा चुराडा. आमच्या साताऱ्याच्या मामी तर ‘ड’ मिळावं म्हणून बंद काचेआड बसून ऊन खातात. काचेतून कामाचे किरण येतच नाहीत, हे त्यांना तुम्हीच सांगा.