भाग गाळून पाहणाऱ्यांस

‘सीआयडी’चे निवडक भाग तेवढे पाहा, बाकीचे गाळा, असा सल्ला आमच्या कचेरीत हल्ली जेवणाच्या सुट्टीत फुकट मिळतो. २००४ चा तो १११ मिनिटांचा, एका सलग चित्रणातला भाग यादीत हमखास असतो, कारण त्याची नोंद गिनेस बुकात झाली. तो पाहावाच. पण विक्रम म्हणजे मालिका नव्हे.

म्हणे प्रत्येक प्रकरण स्वतंत्र, मग गाळले तर बिघडले कुठे? प्रकरण सुटे असते हो, त्यातली माणसे सुटी नसतात. मंडळी, १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे चाललेल्या या मालिकेतले किती खुनी तुम्हांला आठवतात? मला एकही नाही. आठवतो तो फ्रेडरिक्स. भुताला भिणारा, बायकोला त्याहून भिणारा. यादीवाले नेमके त्याचेच प्रसंग भरताड म्हणून कापतात! हिंदी पडद्यावर आमचा ख्रिस्ती शेजारी म्हटला की दारूची बाटली नि मोडकी हिंदी ठरलेली. फ्रेडी मात्र साधा नोकरदार. चुकणारा, बोलणी खाणारा, तरीही पथकातला. तो रंगवला दिनेश फडणीस या मराठी नटाने. २०२३ च्या डिसेंबरात ते गेले. वर्षभराने मालिका परतली, ती त्यांच्याविना. ज्यांनी ते रद्दी भाग पाहिले होते, त्यांनाच ती जागा रिकामी दिसली.

कथा पुष्कळदा भिकार होत्या, हे मान्य. वेळ नसेल तर वीसच भाग पाहा. पण कुठूनही सुरू करून ओळीने पाहा, आणि ती यादी कृपा करून आमच्या टेबलावर ठेवू नका.