विमान घ्याल हो, पण मिस्त्री कुठला?

गेल्या दिवाळीत ताईकडे लाखनीला गेलो होतो. फराळाचे ताट पुढे सरकवत ती म्हणाली, "बाबू, तू बँकेतला माणूस. तुझ्या भाच्याला जरा समजावून सांग. पाच एकर बांधी विकून विमान घ्यायचे म्हणतो."

भाचा बारा वर्षे अमेरिकेत राहून परतलेला. तिथे हौसेने खासगी वैमानिकाचा परवाना काढलेला. आता त्याला परदेशी बनावटीचे दोन आसनी हलके विमान हवे आहे. नव्याची किंमत दीड-दोन लाख डॉलरच्या घरात, म्हणजे आपल्याकडे सव्वा-दीड कोटीच्या पुढेच. "मामाजी, पुण्या-मुंबईत फ्लॅटला लोक याहून जास्त देतात," तो म्हणाला. खोटे नव्हते ते. पण फ्लॅटचा नळ बिघडला तर प्लंबर गल्लीत मिळतो.

मी त्याला एकच प्रश्न विचारला. विमानाचा मिस्त्री कुठला?

हा प्रश्न मला शहाणपणाने सुचलेला नाही, एका चुकीने शिकवलेला आहे. २००९ च्या सुमारास आमच्या शाखेतून मी एका शेतकऱ्याला परदेशी बनावटीच्या रोवणी यंत्रासाठी कर्ज मंजूर केले. पहिल्या हंगामात यंत्र झकास चालले; शेजारच्या गावचे लोक बघायला आले. दुसऱ्या हंगामात रोपे धरणारा तळहाताएवढा एक भाग तुटला. विक्रेत्याने दुकान आवरले होते. भाग येईपर्यंत रोवणी आटोपली. यंत्र कोठ्यात गुरांशेजारी उभे राहिले, हप्ते थकले आणि शेवटी त्या माणसाने बैलजोडी विकली. त्याच्या फाईलमध्ये 'विक्रीनंतरची सेवा' या ओळीसमोर 'उपलब्ध' असे लिहून खाली सही होती ती माझी. मी विक्रेत्याला फोनसुद्धा केला नव्हता.

विमानाचे तर याहून अवघड. आकाशात ते कोठ्यात उभे करता येत नाही.

या विमानांची जातच थोडी निराळी आहे. अमेरिकेने २००४ मध्ये 'लाइट स्पोर्ट' असा वर्ग केला: दोन आसने, एक इंजिन, वजन साधारण ६०० किलोपर्यंत. (२०२५ मध्ये ही व्याख्या बरीच सैल केली गेली.) मोठ्या विमानाला सरकार तपासून प्रमाणपत्र देते, इथे ठरलेल्या मानकांप्रमाणे विमान बनवले आहे, असे कारखानदारच जाहीर करतो. त्यामुळे विमान स्वस्त पडते. पण त्याची दुसरी बाजू अशी की तयार विकत घेतलेल्या अशा विमानात एखादा वेगळा भाग बसवायचा तरी कारखानदाराची लेखी संमती लागते. कारखानाच बंद पडला तर? अमेरिकेत मालकाला विमान 'प्रायोगिक' वर्गात नेता येते. मग ते शिकवणीसाठी भाड्याने देता येत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. सेस्ना हे केवढे नाव! तिने या वर्गासाठी 'स्कायकॅचर' काढले, जोडणी चीनमध्ये शेनयांगला ठेवली. २०१३ मध्ये उत्पादन थांबवले, तोवर दोनशेही विकली गेली नव्हती. उरलेली कोरी विमाने २०१६ मध्ये मोडीत काढली. ज्यांनी विकत घेतली, त्यांना काय वाटले असेल?

भाच्याने बिरसीचे उदाहरण दिले. गोंदियाजवळची ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ती आपल्या भंडारा जिल्ह्यातच होती. तिथे २००८ पासून वैमानिक घडवणारी संस्था आहे आणि तिची डायमंड कंपनीची विमाने परदेशीच आहेत. "ती चालतात ना, मामाजी?" चालतात. प्रशिक्षण संस्थेकडे एका जातीची अनेक विमाने असतात, म्हणून तिला हँगर, इंजिनिअर आणि सुट्या भागांचा साठा परवडतो. एकट्याच्या एका विमानाला यातले काय परवडणार?

आणि डायमंडलाही चटके बसलेच. तिच्या अनेक विमानांत थिलेर्ट या जर्मन कंपनीचे डिझेल इंजिन होते. एप्रिल २००८ मध्ये थिलेर्टने दिवाळे काढले. वॉरंटीची वचने हवेत विरली, मालकांना खिशातून पैसे भरावे लागले, आणि शेवटी डायमंडने आपल्याच गोतावळ्यातल्या ऑस्ट्रो कंपनीचे इंजिन बाजारात आणले. बँकेत आम्ही कर्जदाराची पत बघायचो. यंत्र विकणाऱ्याची पत बघायची असते, हे आम्हाला कुणी शिकवले नाही.

"नागपूरला मिहानमध्ये विमानदुरुस्तीचा एवढा मोठा कारखाना आहे," भाचा म्हणाला. आहे, पण तो बोइंगसारख्या जेट विमानांसाठी. विमान इंजिनिअरचा परवानाच मुळी वर्गवार असतो. टर्बाइनवाल्याची सही पिस्टन इंजिनाच्या कागदावर चालत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाढ काढायला जावे, तसे ते.

मग निघाले इंधन. असल्या बहुतेक विमानांत ऑस्ट्रियाचे रोटॅक्स इंजिन असते, आणि ते मोटारीच्या पेट्रोलवर चालते, हे त्याचे मोठे कौतुक. पण त्या नेहमीच्या ९१२ इंजिनाला दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते. आपल्या पंपांवर २०२५ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल आहे. (त्या इथेनॉलसाठी सरकारी गोदामातला तांदूळही जातो. आपल्याच धानाने आपलेच विमान अडवले म्हणायचे!) राहते विमानाचे खास पेट्रोल. तेही २०२२ पर्यंत परदेशातून यायचे. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते बडोद्याला काढायला सुरुवात केली. पण लाखनीच्या पंपावर काही ते मिळायचे नाही. शिवाय या इंजिनाचे रबरी पाइप आणि नळ्या दर पाच वर्षांनी बदलाव्या लागतात, विमान उडो वा न उडो. मला हा नियम फार आवडला. वापरले नाही म्हणून खर्च चुकत नाही, हे सांगणारा प्रामाणिक नियम आहे.

सरकारचेही असेच. हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी २०१५ मध्ये स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेलकडे १९४ हलक्या विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा वर्तमानपत्रांत आकडा झळकला. पुढे २०२२ मध्ये पिपिस्ट्रेलच टेक्सट्रॉनने विकत घेतली. सेस्नाची मालकीणही तीच. १९४ विमानांच्या गिऱ्हाइकाची तक्रार नवा मालक ऐकेल. आपल्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने नव्या रूपातले 'हंसा' २०२१ मध्ये उडवले, त्याचेही इंजिन रोटॅक्सचेच. म्हणून माझे म्हणणे असे की, सरकार असो की हौशी, खरेदीच्या पैशांआधी पिस्टन इंजिनाचे परवानाधारक इंजिनिअर आणि सुट्या भागांचे कोठार यांवर पैसा घालावा. आपल्या नागपूर-गोंदिया पट्ट्यात यंत्राची हौस असलेली पोरे काही कमी नाहीत.

भाच्याला मी 'नको' म्हटले नाही. उडायची हौस वाईट नाही, आणि त्या वयात मला ती असती तर मीही ऐकले नसते. एवढेच सांगितले की एकट्याने घेऊ नको. चार-पाच हौशी मिळून एकच जातीचे विमान घ्या, म्हणजे इंजिनिअरचा पगार वाटून घेता येईल. आणि त्याआधी कारखान्याला सात प्रश्न लिहून पाठव. ते आम्ही रात्री जेवणानंतर ताईच्या ओसरीवर बसून लिहिले. सुटा भाग किती दिवसांत येतो, तुमच्या जातीची किती विमाने भारतात उडतात, त्यांच्या मालकांशी बोलता येईल का, असे.

महिन्याभराने उत्तर आले. सहा प्रश्नांना सविस्तर, रंगीत चित्रांसह. सातवा होता, भारतात या विमानाच्या दुरुस्तीवर सही कोण करील. त्यापुढे लिहिले होते, 'लवकरच कळवू.'

भाचा अजून वाट बघतो आहे. ताईने त्या बांधीत यंदाही रोवणी करायची म्हणून बियाण्याची चौकशी सुरू केली आहे.