प्रवेश घेतानाच विचारायला हवं

भारतातली इंजिनिअरिंगची पदवी ऑस्ट्रेलियात चालते का, असा प्रश्न इथे मेलबर्नमध्ये आपल्या मराठी मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात विचारून पाहा. बहुतेक जण ‘चालते की, काही अडत नाही’ असंच सांगतील. त्यांचं अडलं नाही, कारण त्यातले पुष्कळ जण आयटीतले. त्यांची कागदपत्रं ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटीकडे तपासली जातात आणि तिथले नियम वेगळे आहेत. स्थापत्य, विद्युत, यंत्र, रसायन या शाखांच्या मुलांना ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’कडून कौशल्य-तपासणी करून घ्यावी लागते आणि तिथे पहिलाच प्रश्न असतो, तुमच्या पदवीचं मूल्यांकन कोणी केलं होतं, आणि कधी? आपल्यात आयटीवाले संख्येनं जास्त, त्यामुळे हा प्रश्न आपल्या गप्पांत येतच नाही. पुण्या-नाशकाहून फोन करणाऱ्या भाच्याला आपण खुशाल सांगतो, ये, इथे आल्यावर बघू. माझं म्हणणं असं, की इथे आल्यावर बघण्यासारखं त्यात फार थोडं उरतं. गोष्ट सुधारायची किंवा बिघडायची वेळ असते बारावीनंतर कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या अर्जात कॉलेजांचे पर्याय भरतानाची, आणि नेमकं तेव्हाच मुलाला आणि पालकांना काही सांगितलेलं नसतं.

या सगळ्याच्या मुळाशी आहे वॉशिंग्टन करार. १९८९ साली ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांतल्या मूल्यांकन संस्थांनी तो केला. एकमेकांनी तपासून मान्य केलेले चार वर्षांचे अभ्यासक्रम बरोबरीचे मानायचे, हे त्याचं सूत्र. भारताच्या वतीनं त्यात आहे नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशन, म्हणजे एनबीए. २००७ मध्ये तिला तात्पुरतं सदस्यत्व मिळालं आणि जून २०१४ मध्ये ती कायम सदस्य झाली. तेव्हा वर्तमानपत्रांत ‘भारतीय पदव्यांना जगाची मान्यता’ अशा थाटाच्या बातम्या आल्या आणि सगळ्यांचा समज झाला की झालं काम.

करार मात्र सगळ्या भारतीय पदव्यांना लागू होत नाही. एनबीए कॉलेजला मानांकन देत नाही, एकेका शाखेच्या अभ्यासक्रमाला देते. एकाच इमारतीत मेकॅनिकलला ते असू शकतं आणि सिव्हिलला नसू शकतं. त्यातही दोन वर्ग आहेत, टियर वन आणि टियर टू. टियर वन आयआयटी-एनआयटीसारख्या संस्थांसाठी, विद्यापीठांच्या स्वतःच्या विभागांसाठी आणि स्वायत्त कॉलेजांसाठी. टियर टू विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठी. वॉशिंग्टन करारात मोजला जातो तो फक्त टियर वन. शिवाय मानांकन ठरावीक वर्षांपुरतंच असतं, तीन किंवा सहा. पदवी मिळाली त्या वर्षी ते चालू असलं पाहिजे. आधीच्या तुकडीला ते मागे जाऊन लागत नाही आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण रखडलं तर मधल्या तुकडीलाही मिळत नाही.

टियरचा हा भेद उगाच केलेला नाही. संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, पेपर विद्यापीठ काढतं. मुलांना अमुक विषय जमत नाही असं प्राध्यापकांच्या लक्षात आलं तरी अभ्यासक्रम बदलणं त्यांच्या हातात नाही. आणि करारात तपासायचं असतं ते नेमकं हेच, की शिकवण्याचा परिणाम काय झाला आणि तो पाहून संस्थेनं काय बदललं. महाराष्ट्रातली बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजं वर्षानुवर्षं संलग्न पद्धतीत वाढली. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय अशी थोडी स्वायत्ततेकडे लवकर गेली, बाकीची आता आता जात आहेत. तेव्हा यवतमाळच्या किंवा सांगलीच्या हुशार मुलीनं मन लावून पदवी घेतली तरी ती कराराच्या बाहेर राहू शकते, आणि यात तिचा काहीही दोष नसतो.

बाहेर राहिलं की काय होतं, ते मी माझ्या ओळखीच्या एका इलेक्ट्रिकल इंजिनिअर मुलीच्या बाबतीत जवळून पाहिलं. कराराच्या यादीत ज्यांची पदवी आहे, त्यांना पदवी, गुणपत्रकं आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल असं मोजकं द्यावं लागतं. तिला सीडीआर (कॉम्पिटन्सी डेमॉन्स्ट्रेशन रिपोर्ट) करावा लागला, म्हणजे आपली पात्रता स्वतः लिहून सिद्ध करायची. आपण केलेल्या कामाचे तीन प्रसंग, प्रत्येक हजार ते अडीच हजार शब्दांत, परिच्छेदांना क्रमांक देऊन. ‘आम्ही केलं’ लिहून चालत नाही. गणित मी कसं मांडलं, रिलेचं सेटिंग मी का बदललं, असं प्रत्येक वाक्यात ‘मी’ हवं. मग प्रत्येक क्षमतेसमोर कुठल्या परिच्छेदात तिचा पुरावा आहे, त्याचा तक्ता. सबस्टेशनवर आठ-आठ तास उभं राहून काम करणाऱ्या या मुलीला कोणी कधी स्वतःविषयी असं लिहायला शिकवलंच नव्हतं. तिकडे तिचा भाऊ विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ट्रान्सक्रिप्टसाठी खेटे घालत होता. सगळं करूनही निकाल काय येईल याची खात्री नाही. ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ म्हणून अर्ज केलेल्याला ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजिस्ट’ ठरवलं जाऊ शकतं, आणि मग व्हिसापासून पगारापर्यंत सगळी गणितं बदलतात. पैसे घेऊन सीडीआर लिहून देणारे लोक याच धास्तीवर पोसले गेले आहेत. त्यांच्या नादी लागू नका, हे कळकळीनं सांगतो. नक्कल सापडली की अर्ज फेटाळला जातो आणि पुन्हा अर्ज करायला बंदीही येऊ शकते.

यावर आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया असते, ‘हे लोक मुद्दाम अडवतात.’ मला ते पटत नाही. मेलबर्नमध्ये राहणाऱ्यांनी तरी असं म्हणू नये. १५ ऑक्टोबर १९७० ला आपल्या वेस्ट गेट पुलाचा बांधला जात असलेला भाग कोसळला आणि ३५ कामगार गेले. चौकशी आयोगानं आराखडा करणाऱ्यांवर आणि बांधणाऱ्यांवरही ठपका ठेवला. अशा जबाबदारीसाठीच इंजिनिअरांची नोंदणी असते. क्वीन्सलँडमध्ये ती फार जुनी आहे. व्हिक्टोरियात २०१९ चा कायदा येऊन जुलै २०२१ पासून ती टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. पुलाखालून रोज जाणाऱ्या माणसाला, त्यावर सही कोणी केली आणि ती करायची त्याची लायकी कोणी तपासली, हे विचारायचा हक्क आहे. तपासणी कडक असावी याला माझा विरोध नाही. ज्या तपासणीची बातमी शिकून झाल्यावर कळते, ती अन्यायाची आहे.

सरकारांमधल्या करारांतून हे सुटेल, ही आशाही मी ठेवत नाही. जुलै २०२२ मध्ये ब्रिटन आणि भारतानं पदव्यांच्या परस्परमान्यतेचा करार केला, पण वैद्यक, नर्सिंग, इंजिनिअरिंग, कायदा असे व्यावसायिक परवान्याचे विषय त्यातून वगळले. मार्च २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेली व्यवस्था पुढच्या शिक्षणासाठी उपयोगाची आहे, व्यवसायाची नोंदणी मात्र जिथल्या तिथेच राहिली. ही नोंदणी नियामकांच्या हातात आहे, आणि नियामक एकमेकांच्या मूल्यांकनावर विश्वास ठेवतात किंवा ठेवत नाहीत.

हा विश्वास आपल्याकडेच ढासळतो आहे, आणि मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो. नॅक ही संस्थांना श्रेणी देणारी यंत्रणा १९९४ पासून आहे. पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. भूषण पटवर्धन तिच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष होते. काही संस्थांना मिळणाऱ्या श्रेणींबद्दल त्यांनी शंका घेतली, चौकशीची मागणी केली आणि मार्च २०२३ मध्ये पद सोडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये लाच घेऊन श्रेणी दिल्याच्या आरोपावरून सीबीआयनं नॅकच्या एका पाहणी समितीच्या अध्यक्षांसह दहा जणांना अटक केली. एनबीए वेगळी आणि नॅक वेगळी, हे मला ठाऊक आहे. पण परदेशी नियामक बातमी वाचतो तेव्हा त्याला दिसतं ते ‘भारतातलं मूल्यांकन’. प्रामाणिकपणे फायली भरणारे, समितीच्या भेटीआधी रात्री नऊपर्यंत सीओ-पीओ मॅपिंग, म्हणजे विषयाची उद्दिष्टं अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांशी जुळवणारे तक्ते, करत बसणारे प्राध्यापक आणि त्यांची मुलं, सगळ्यांच्या कागदाची किंमत अशा एकेका प्रकरणानं उतरते.

कोणी म्हणेल, देश सोडून जाणाऱ्यांच्या सोयीसाठी कॉलेजांनी कशाला धावपळ करायची? आक्षेप रास्त आहे, गावच्या करदात्याच्या पैशातून शिकून आपण इथे आलो आहोत. पण अभ्यासक्रम स्वतः ठरवणं, निकाल पाहून तो बदलणं, प्रयोगशाळेत खरोखर प्रयोग होणं, याचा फायदा आधी चाकणला आणि बुटीबोरीला राहणाऱ्या इंजिनिअरला होतो. आपल्याला होणारा फायदा नंतरचा.

मग करायचं काय? कॉलेजच्या पाटीवर ‘एनबीए मानांकित’ लिहिलेलं पुरेसं नाही. कुठली शाखा, टियर कोणता, मुदत कोणत्या वर्षापर्यंत, या तीन गोष्टी प्रवेशाच्या माहितीपत्रकात शाखेच्या नावासमोरच छापलेल्या असाव्यात. प्रवेशप्रक्रियेच्या संकेतस्थळावर पर्याय निवडताना मुलाच्या डोळ्यांसमोरही त्या दिसाव्यात. शासनाकडे ही मागणी आपण मंडळ म्हणून लेखी करू शकतो. त्याआधी प्रत्येकानं आपल्या कॉलेजपासून सुरुवात करावी. माजी विद्यार्थी संघाचा देणगीसाठी ईमेल येतो, त्याला उत्तर देताना हे तीन प्रश्न विचारावेत आणि शाखावार उत्तर मागावं. मेळाव्याच्या भोजनाला पैसे देण्याऐवजी स्वायत्ततेच्या आणि टियर वनच्या तयारीसाठी द्यावेत. मंडळात नोंदणीकृत इंजिनिअर आहेत. त्यांनी सीडीआर लिहिणाऱ्या मुलांचे मसुदे वाचावेत, लिहून मात्र देऊ नयेत.

आणि भाच्याचा फोन येईल तेव्हा त्याला इथलं हवामान आणि घरभाडं सांगण्याआधी विचारावं: कॅपचा अर्ज भरायला अजून किती दिवस आहेत, आणि यादीतल्या प्रत्येक शाखेचा टियर तू पाहिलास का?